खाजेची साथ

सोमवारी सकाळी सव्वादहाला आमच्या शहरात खाजेची साथ आली आणि ती सगळ्यात आधी मला कळली. त्या वेळी मी ऑफिसात चहात बिस्किट बुडवत होतो. बिस्किट तुटून तळाशी गेलं आणि स्क्रीनवर पिवळा ठिपका उमटला. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण पुढे चौकशीत 'त्या वेळी आपण काय करत होता' असं विचारलं गेलं आणि मी खरं ते सांगितलं. ते टाइप झालेलं आहे.

घरी त्याच सकाळी आमचे बाबा पाचव्यांदा संडासला गेले होते. तेही मला माहीत होतं. या दोन गोष्टी माझ्या एकाच डोक्यात चार दिवस शेजारी शेजारी राहिल्या आणि फ्लॅटमधल्या शेजाऱ्यांसारख्या एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

माझं काम काय ते आधी सांगतो, कारण नातेवाइकांना ते अजून समजलेलं नाही. मामा मला 'कॉम्प्युटरमधला कंपाउंडर' म्हणतो. आरोग्य खात्याच्या दुसऱ्या मजल्यावर रोगनिरीक्षण कक्ष आहे. कक्ष म्हणजे एक खोली, तीन खुर्च्या. त्यातल्या एकीलाच दोन्ही हात आहेत, ती साहेबांची. शहरातल्या अकरा दवाखान्यांत नाव नोंदवायच्या खिडक्या आहेत. माणूस खिडकीशी येतो, काय होतंय ते सांगतो, खिडकीतला कारकून कॉम्प्युटरवरच्या यादीतून ती तक्रार निवडतो. ताप, खोकला, पाय मुरगळणे, जे असेल ते. तासाभरात ते आमच्याकडे येतं. नाव येत नाही. वय, राहण्याचा भाग आणि तक्रार एवढंच येतं. आमचा प्रोग्राम ते मोजतो, गेल्या तीन वर्षांतल्या याच दिवसांशी ताडून बघतो आणि आकडा जास्त वाटला तर पिवळा होतो, फारच जास्त वाटला तर लाल.

कल्पना चांगली आहे. मी अजूनही तेच म्हणतो. लॅबचा रिपोर्ट पाच दिवसांनी येतो. डॉक्टरांचे कागद गठ्ठ्यात बांधून दहा दिवसांनी येतात आणि ते कुणाला वाचता येत नाहीत. तोवर साथ गावभर फिरून, पाहुणचार घेऊन परत गेलेली असते. आमचा प्रोग्राम मात्र नुसत्या कण्हण्याकुंथण्यावरून ओळखतो. कुणाच्या घरात काय चाललंय यावर त्याचं एवढं बारीक लक्ष असतं की आम्ही त्याला 'आत्या' म्हणतो.

आत्याने याआधी दोनदा आमची अब्रू घालवली होती. एकदा एका शाळेच्या क्रीडादिनी शंभर पोरांचे गुडघे फुटले आणि तिने भूकंप झाल्यासारखं लाल केलं. दुसऱ्यांदा एका दवाखान्यातल्या वैतागलेल्या कारकुनाने 'इतर' या रकान्यात प्रत्येक भांडखोर रुग्णापुढे 'डोक्याला ताप' असं टाइप केलं. आत्याने ते तापात धरलं. डास मारायचा धूर घेऊन तीन गाड्या गेल्या. त्यानंतर वरच्या साहेबांनी आमच्या साहेबांना बोलावून सांगितलं होतं, की तिसऱ्यांदा असं काही उठवलंत तर तुमच्या त्या बाईचं कनेक्शनच काढून टाकतो. आमचे साहेब डॉक्टर आहेत, सज्जन आहेत, आणि तेव्हापासून लाल रंगाचा पेनसुद्धा वापरत नाहीत.

तर सोमवारी पिवळा झाला तो ठिपका सरकारी दवाखान्याचा. तक्रार: अंग खाजणे. राहण्याचा भाग: टाकीखाली, म्हणजे पाण्याच्या मोठ्या टाकीच्या पायथ्याशी जी वस्ती आहे ती. एरवी दिवसाला दोन माणसं खाजतात. दुपारपर्यंत एकतीस झाली.

टाकीखाली आम्हीही राहतो. बाबा, मी आणि माझी मोठी बहीण. आणि त्या सरकारी दवाखान्याच्या खिडकीत बसणारी कारकून म्हणजे हीच माझी ताई. म्हणजे ती खिडकीच्या त्या टोकाला, मी या टोकाला. मधे सात किलोमीटर वायर आणि आत्या.

त्या आठवड्यात ताईच्या जोडीची बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली होती. ताई दोन्ही पाळ्या करत होती. सहाला घर सोडायची, नऊनंतर यायची आणि चप्पल काढल्या काढल्या भिंतीला टेकून झोपायची. आमचं बोलणं म्हणजे ओट्यावर ठेवलेल्या चिठ्ठ्या. 'दूध आण.' 'आणलं.' 'नासलं.' एवढंच.

सोमवारी संध्याकाळी मी घरी आलो तर बाबा पलंगावर पडून छताकडे बघत होते. दिवसभरात चौदा वेळा, असं त्यांनी मला सांगितलं. बाबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. चौतीस वर्षं त्यांनी डिरेक्टरी छापण्याआधी तपासायचं काम केलं. कुणाचं नाव कुणाच्या आधी, कुणाच्या नंतर. त्यामुळे कुठलीही गोष्ट ते मोजून आणि क्रमाने सांगतात. उलट्या वेगळ्या, जुलाब वेगळे, दोन्ही एकदम ते तिसऱ्या सदरात.

मी म्हटलं, थांबा, बघतो. फोनवर आत्या उघडली. जुलाब-उलट्या, टाकीखाली, सरकारी दवाखाना: शून्य. सगळ्या शहरात मिळून तीन. हिरवागार.

"साथबीथ काही नाहीये," मी बाबांना सांगितलं. "तुम्हीच काहीतरी शिळं खाल्लंय."

"शून्य म्हणतोयस?"

"शून्य."

"मग मी काय करतोय सकाळपासून?"

"तुम्ही दवाखान्यात गेलेला नाही. म्हणजे तुम्ही मोजले जात नाही."

बाबांना ते पटलं. नियमात बसणारी कुठलीही गोष्ट त्यांना पटायची. मी म्हटलं सरळ दवाखान्यात जाऊ, तर म्हणाले, पोरगी तिथे एकटी दोघींचं काम करतेय, तिच्या रांगेत आणखी एक कशाला. आणि साथ नाही असं तूच म्हणतोस.

मग मी शास्त्रशुद्ध वागलो. अशा वेळी शरीरातलं पाणी कमी होऊ द्यायचं नाही हे आमच्या ऑफिसच्या भिंतीवर पोस्टरच आहे. मी नळाखाली तांब्या भरला, मीठ आणि साखर मापाने घातली, ढवळलं आणि बाबांना दर अर्ध्या तासाला एक ग्लास पाजायला लागलो. पाणी उकळावं असं एकदा मनात आलं होतं. पण आत्या हिरवी होती, आणि गॅसही संपत आला होता. भिंतीवर मी एक तक्ता चिकटवला. चौकोन आखले, एक ग्लास झाला की एक खूण. मी लाल पेन्सिलने, ताई निळ्या पेनाने. बाबा पडल्या पडल्या प्रत्येक खुणेशेजारी एक बारीक ठिपका द्यायचे. डिरेक्टरीत तपासलेल्या ओळीला ते असाच ठिपका देत. पोट रिकामं होतंय तर होऊ दे, पण न तपासलेली नोंद त्यांच्या घरात राहणार नाही.

मंगळवारी अंग खाजणे चोपन्न झालं. आत्या लाल.

साहेबांनी खुर्ची दोन इंच मागे घेतली, जणू ती स्क्रीनमधून चावेल. मग त्यांनी विचार सुरू केला. साबण बदलला असेल का? झाडांवर सुरवंट पडले असतील का? कापड-गिरणीचा रंग? एकाच वस्तीतल्या चोपन्न माणसांना एकदम खाज, आणि त्यात दोन वर्षांच्या पोरापासून ऐंशीच्या म्हातारीपर्यंत सगळे. मी एक विनोद केला, की निवडणुका तर नाहीत ना जवळ. साहेब हसले नाहीत. मी तीस मिनिटांनी परत केला, तेव्हाही हसले नाहीत.

या सगळ्यात दवाखान्याचे डॉक्टर काय करत होते, असं पुढे सगळ्यांनीच विचारलं. ते जुलाबाचे रुग्ण तपासत होते. सलाइनी लावत होते. एकाने सकाळच्या पाळीत पंधरा बघितले, दुसऱ्याने संध्याकाळी अठरा, आणि दोघांनाही वाटलं की एवढं आहे म्हणजे आरोग्य खात्याला कळलंच असेल. तिथे त्यांचा तो नवा कॉम्प्युटर आहे. फोन कुणीच केला नाही. माणसाने माणसाला फोन करायची गरज राहू नये म्हणूनच तर आत्या आणली होती.

बुधवारी साहेबांनी नर्सबाईंना टाकीखाली पाठवलं. घरोघर जाऊन खाज तपासायची. त्यासाठी मी फॉर्म तयार केला. खाज आहे का, कुठे आहे, कधीपासून आहे, पुरळ आहे का, घरात पाळीव प्राणी आहे का. दोनशे प्रती. फॉर्म देखणा झाला होता.

नर्सबाई चारला परत आल्या, पाय सुजलेले. एकशे बारा घरं. खाज: एक. एका बाईला, डास चावल्याची. चौतीस घरांची दारं उघडली गेली नाहीत. 'घरी कुणी आढळले नाही,' असं त्यांनी लिहिलं होतं. नर्सबाई म्हणाल्या, आतून आवाज येत होते, पण कुणी उठून दारापर्यंत आलं नाही. लोकांना सर्वेक्षणाचा भारी कंटाळा.

"तुमच्याही घरी गेले होते," त्या मला म्हणाल्या. "वडील चौकट धरून उभे होते. खाज नाही म्हणाले. जुलाब होतायत म्हणाले. मी म्हटलं, आजोबा, त्याला रकाना नाही. तर म्हणाले, मग लिहू नका, रकान्याबाहेर लिहिलं की सगळा कागद बिघडतो. फार समजूतदार माणूस हो."

मी मान डोलावली. मला अभिमान वाटला. हे लिहिताना हात थांबतोय, पण तेव्हा मला अभिमानच वाटला होता.

साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला आणि वर कळवलं, प्रत पाणी खात्याला: टाकीखाली कोणतीही साथ नाही, आकडे यांत्रिक चुकीने आले असावेत. मग मला म्हणाले, त्या दवाखान्याची खाज पंधरा दिवस बंद करून टाक. आत्याच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात एक बटण आहे, 'दुर्लक्ष करा' असं. मी ते दाबलं. खात्री आहे का, असं तिने विचारलं. तिला दोनदा विचारायची सवय आहे. मी हो म्हटलं.

आणि लाल ठिपका गेला. सगळं शहर हिरवं झालं. मी घरी आलो आणि तक्त्यावर आणखी सात खुणा केल्या.

गुरुवारी सकाळी बाबांना उठता येईना. डोळे खोल गेले होते, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतली होती. चिमटा घेतला की कातडी तशीच उभी राहायची. मी त्यांना पाठुंगळीला घेऊन तीन मजले उतरलो. एरवी ते मला जड गेले असते. खाली टॅक्सीवाल्याने एकदा बाबांकडे बघितलं आणि काही न विचारता सीटवर प्लॅस्टिक अंथरलं. म्हणाला, सकाळपासून हा चौथा. मी म्हटलं, चौथा काय? तो म्हणाला, चौथा असा. त्याच्याकडे शून्यापेक्षा मोठा आकडा होता, आणि त्याच्याकडे कॉम्प्युटर नव्हता.

दवाखान्याची रांग फाटकाबाहेर आली होती. मी बाबांना पाठीवर घेऊन त्या रांगेशेजारून चालत गेलो. माणसं पोट धरून बसली होती. एकजण भिंतीकडे तोंड करून ओकत होता. एका बाईने पोराला पदराखाली झाकलं होतं आणि ते पोर रडत नव्हतं. मी नीट पाहिलं. कुणीही खाजवत नव्हतं.

खिडकीत ताई. तिच्या डोक्यावर एक पाटी लुकलुकत होती: प्रति रुग्ण सरासरी वेळ. चाळीस सेकंदांवर गेली की ती पाटी लाल होते आणि अधीक्षकांच्या केबिनमध्ये घंटा वाजते. ताई प्रत्येकाला विचारत होती, काय होतंय. तो सांगत होता. ती मान हलवून एंटर दाबत होती. माउसचं चाक कधीचं तुटलेलं. यादी उघडली की पहिलं नाव आपोआप निवडलेलं यायचं. खाली जायचं तर बाणाचं बटण एकेकदा दाबत जायचं. एंटर. पुढचा. एंटर. पुढचा.

मी खिडकीच्या कडेने आत डोकावून तो पडदा पाहिला. पहिलं नाव: अंग खाजणे.

यादी मीच पाठवली होती, महिन्यापूर्वी. आधीची यादी ज्याची तक्रार जास्त ते वर, अशी कशीतरी लावलेली होती. ताप, जुलाब-उलट्या, खोकला. साहेबांना ती बेशिस्त वाटली. म्हणाले, अकारविल्हे लाव. मी त्रेचाळीस तक्रारी घरी आणल्या आणि बाबांपुढे टाकल्या, कारण निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हाताला काम नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, लाल पेन्सिलीला टोक केलं आणि एकाच संध्याकाळी ती लावून दिली. अंग खाजणे आधी, अंग दुखणे नंतर, ख पहिला, द मागून. प्रत्येक ओळीला ठिपका. इतके खूश मी त्यांना आई गेल्यापासून बघितलं नव्हतं. मला साहेबांकडून शाबासकी मिळाली आणि मी ती घरी पोचवली.

ताईने बाबांना पाहिलं. ती उठली नाही, कारण उठली असती तर बसता आलं नसतं. तिने विचारलं, काय होतंय, आणि उत्तर न ऐकताच खाली बाण दाबायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. मागून कुणीतरी ओरडलं. सात, आठ. पाटी लाल झाली. बारा, तेरा. अधीक्षकांच्या केबिनमध्ये घंटा वाजू लागली. अठरा वेळा दाबल्यावर एकोणिसावं नाव आलं, जुलाब-उलट्या, आणि तिने एंटर दाबलं.

त्या आठवड्यातली त्या खिडकीतली जुलाबाची ती पहिली नोंद. तासाभराने मी फोनवर पाहिलं. टाकीखाली, जुलाब-उलट्या: एक. हिरवा.

बाबांना व्हरांड्यात जमिनीवर जागा मिळाली, सलाइनची बाटली खिडकीच्या गजाला. मी ताईकडे परत गेलो आणि विचारलं, सोमवारपासून ज्यांना ज्यांना खाज लावलीस त्यांना काय झालं होतं?

"हेच," ती म्हणाली. "सगळ्यांना हेच."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"बाबा म्हणाले, तू म्हणतोयस साथ नाही. मला वाटलं, माझ्याच खिडकीला जास्त येत असतील. तुला तर सगळं शहर दिसतं ना, शहाण्या."

ती मला लहानपणापासून शहाण्या म्हणते. त्या दिवशी तिने ते चेष्टेने म्हटलं नव्हतं, तेच वाईट झालं.

मी साहेबांना फोन केला. त्यांनी मला सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, कालच आपण साथ नाही असं कळवलंय. आज काय कळवू? खाजेचे जुलाब झाले म्हणू? मग आवाज खाली आणून म्हणाले, लेखी आण. जिने नोंदी केल्या तिच्या सहीने. कोण, किती, कुठले. तेवढं मिळालं तर मी स्वतः पाणी खात्यात जाऊन बसतो. आणि ते खरंच जाऊन बसले, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

ताईने नऊ वर्षांत पहिल्यांदा खिडकी सोडली. तिच्या जागी वॉचमनला बसवलं. त्याने त्या पाऊण तासात आलेल्या प्रत्येकाला अंग खाजणे दिलं. त्याला दुसरं काय येणार. ती बाबांच्या उशाशी जमिनीवर बसली आणि मला म्हणाली, लिही. माझ्या खिशात कागद एकाच प्रकारचे होते: खाज-सर्वेक्षणाचे उरलेले फॉर्म. त्यांच्या पाठीवर मी लिहायला घेतलं.

तिला माणसं आठवत होती. तक्रारी तिने लिहिल्या नव्हत्या, पण ऐकल्या सगळ्या होत्या. सोमवारी पहिला आला तो भट्टीवाला, कोपरापर्यंत पिठाचे हात. मग दोन जुळ्या पोरी, एकीला उलट्या आणि दुसरीला घाबरून रडू. मग ती शिवणकामवाली, गळ्यात अजून मापाची टेप. एक मास्तर, त्याने 'बहिर्दिशा' हा शब्द वापरला. एक नवरा-बायको, रांगेत भांडत आले, की तुझ्या हातचं खाल्लं म्हणून झालं. ती डोळे मिटून बोलत होती आणि मी लिहीत होतो: वय, भाग, तक्रार. एकशे सत्त्याण्णव खाजांपैकी तिला एकशे बारा माणसं आठवली. एकशे नऊ जणांना जुलाब. दोघांचे हात मोडलेले. एकाला खरोखरच खाज होती. त्या सगळ्या खाजांत आमच्या यंत्रणेने बरोबर ओळखलेला तेवढा एकच रुग्ण, आणि त्याला मलम देऊन घरी पाठवलं होतं.

शेवटी मी वर निवेदन लिहिलं: मी, नोंदणी कारकून, सोमवारपासून रुग्णांना तक्रार न विचारता पहिला पर्याय निवडत होते. तिने वाचलं आणि पेन मागितला.

"न विचारता नाही," ती म्हणाली. "विचारलं मी प्रत्येकाला. लिहिलं नाही, असं लिही."

मी खोडून तसं लिहिलं. तिने सही केली. ही सही म्हणजे नोकरीवर पाणी, हे तिला माहीत होतं. तिने तारीखही घातली.

मधेच बाबांनी डोळे उघडले आणि मला जवळ बोलावलं. त्यांचा आवाज कागदावर कागद घासल्यासारखा झाला होता. त्यांनी विचारलं, ताई एवढा वेळ बाण का दाबत होती. मी म्हटलं, जुलाब-उलट्या खाली आहे यादीत. कितवं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एकोणिसावं. त्यांनी ओठ हलवत मनातल्या मनात अक्षरं मोजली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "ज तिथेच येतो. यादी बरोबर आहे आपली."

मी हो म्हटलं. ताई दुसरीकडे बघत होती.

साहेब पाचपर्यंत पाणी खात्यात बसले. तिथल्या इंजिनिअरने कालचं पत्र त्यांच्यापुढे धरलं, की साथ नाही असं तुम्हीच लिहिलंय, आता आम्ही कुठलं खरं धरू? साहेबांनी खाजेच्या फॉर्मची पाठ दाखवली. इंजिनिअरने आधी पुढची बाजू वाचली आणि विचारलं की पाळीव प्राण्यांचा काय संबंध. साहेबांनी, म्हणजे ज्यांनी लाल पेन सोडला होता त्यांनी, टेबलावर हात आपटला. मग फोनाफोनी झाली. पाइपलाइनच्या शेजारी केबलसाठी खोदताना मैल्याचा नळ फुटला होता, आठ दिवसांपूर्वी. टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह लगेच बंद करा असं ठरलं. पण त्याची चावी ज्या माणसाकडे असते तो मंगळवारपासून रजेवर होता. रजेचं कारण अर्जात दिलेलं होतं: जुलाब.

त्याचं घर सापडून चावी मिळून व्हॉल्व्ह बंद झाला तो शुक्रवारी दुपारी बारा वाजता. बाबा सकाळी आठला वीस मिनिटं कमी असताना गेले. ताई तेव्हा खिडकीत होती, कारण सकाळची पाळी तिचीच होती. मी जाऊन सांगितलं. तिने समोरच्या माणसाची नोंद पूर्ण केली, अठरा वेळा बाण दाबून, आणि मग उठली.

टाकीखालची एकूण एकवीस माणसं गेली. पुढच्या आठवड्यात लॅबचा रिपोर्ट आला, त्यात जंतूचं नाव होतं. अचूक होतं, असं साहेब म्हणाले.

त्या तांब्यातल्या पाण्याबद्दल मी साहेबांना एकदाच विचारलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, तू पाणी पाजलं नसतंस तर ते बुधवारीच गेले असते. त्या पाण्यानेच ते गुरुवारी दवाखान्यापर्यंत पोचले. मी म्हटलं, आणि तेच पाणी उकळून पाजलं असतं तर? साहेबांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. चष्मा स्वच्छच होता.

चौकशी झाली. ताईला खिडकीवरून काढून तळघरात, जुन्या कागदांच्या खोलीत टाकलं. मला ताकीद मिळाली. डोक्यावरची ती सेकंदांची पाटी मात्र तशीच आहे. यादी बदलली: वरून आदेश आला की यापुढे जुलाब-उलट्या पहिल्या क्रमांकावर घ्यावे. ते मी घेतलं. खिडकीत आता नवीन मुलगा आहे, तो चपळ आहे, त्याची सरासरी एकोणतीस सेकंद आहे. तेव्हापासून त्या दवाखान्यात येणाऱ्या सगळ्यांना जुलाब असतात. पाय मोडलेल्यांना, दाढ दुखणाऱ्यांना, बाळंतिणींना. आत्या रोज सकाळी सव्वादहाला लाल होते. परवा साहेब म्हणाले, बंद करून टाक, पंधरा दिवसांसाठी. मी बटण दाबलं नाही. रोज संध्याकाळी मी त्या दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन उभा राहतो आणि बाहेर पडणाऱ्या माणसांना काय झालं होतं ते विचारतो. वॉचमन मला ओळखतो. कधी कधी ताई तळघरातून वर येऊन शेजारी उभी राहते आणि मी विसरलेली माणसं सांगते.

घरातला तक्ता अजून भिंतीवर आहे. सोमवार संध्याकाळ ते गुरुवार सकाळ, सत्तावन्न ग्लास. लाल खुणा माझ्या, निळ्या ताईच्या, वेळेसकट. त्या आठवड्यात सगळ्या शहरात बिनचूक भरलेला तेवढा एकच तक्ता. फक्त शेवटच्या चार खुणांना बाबांचा ठिपका नाही. त्या तपासायच्या राहिल्यात.